बँड? घरातच आहे की!

भाऊ गिटार छेडतो, बहीण गाते, धाकटं पाटावर ठेका धरतं. मग पहिला अल्बम करायला वाट कुणाची बघताय?

यवतमाळात कुणाला ‘आमचा बँड आहे’ असं सांगून बघा. समोरचा लगेच विचारेल, ‘मे महिन्यातली तारीख खाली आहे का? आमच्याकडे लगीन आहे!’

हसा खुशाल. पण त्याचं काही चुकलेलं नाही. आपल्याकडचे खरे घरगुती बँड तेच. काका क्लॅरिनेट वाजवतो, मोठा भाऊ ट्रम्पेट फुंकतो, धाकटा साइड ड्रमवर. कुणी कुठल्या क्लासला गेलेलं नाही, ऐकून ऐकून शिकलेले. गावोगावच्या खंजिरी भजन मंडळांचंही तेच. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी विदर्भात घरोघरी गेली, आणि एकाच घरातले दोघं-तिघं भाऊ एकाच मंडळात दिसणं ही आपल्याकडे नवलाची गोष्ट राहिली नाही. फरक एवढाच, की आपण त्यांना ‘बँड’ किंवा ‘आर्टिस्ट’ म्हणत नाही. हुडी घालून गिटार धरलेल्या पोराला म्हणतो.

तर आता तुमच्या घरात बघा. कुणीतरी सेकंडहँड गिटार आणलेली असते. कुणाच्या वहीच्या मागच्या पानावर चार ओळी लिहिलेल्या असतात. कुणी मोबाइलवर बीट बनवत बसतं. तिघांचं तीन खोल्यांत, नाहीतर एकाच खोलीत तीन इअरफोनमध्ये, वेगवेगळं चालू असतं. माझं म्हणणं साधं आहे. हे तिघं एकत्र बसा. बँड करा. आणि पहिला अल्बम घरातच, शिकता शिकता, याच वर्षी रेकॉर्ड करा.

गाजेल म्हणून नाही. का, ते सांगतो.

घाई कशाची?

कारण तुमच्याकडे वेळ फार कमी आहे. करिअरला नाही हो, एकत्र राहायला.

आपल्या जिल्ह्यातल्या घरांचं गणित आठवा. एकजण बारावीनंतर पुण्याला नाहीतर नागपूरला जातो. दुसरा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत सकाळी शिरतो तो रात्री बाहेर पडतो. ताईला स्थळं बघायला सुरुवात होते. आज पुसदच्या, वणीच्या, घाटंजीच्या घरात जी तीन भावंडं एका ताटलीतल्या चिवड्यावरून भांडतायत, ती चार वर्षांनी दिवाळीतले तीन दिवस भेटणार. तेही ‘रिझर्व्हेशन मिळालं तर’.

बाकी सगळे बँड मित्र शोधून करावे लागतात. ड्रमर मिळत नाही, बेसिस्ट नोकरीला लागतो, गायकाचा इगो आडवा येतो. भावंडांना मात्र एक गोष्ट फुकट मिळते. सुराची, बोलण्याच्या लकबीची सवय. एकाच अंगणात, एकाच आजीच्या ओव्या नाहीतर एकाच बापाच्या जुन्या कॅसेटी ऐकून तुमचे कान तयार झालेत. शिवाय भावंडांच्या आवाजाचा पोतही बऱ्याचदा जुळतो. तो शिकवून येत नाही. ही जुळणी वापरायची तर सगळे एका छपराखाली आहेत तोवरच.

दोन भाऊ आणि एक गणपती

अजय-अतुल आज सगळ्यांना माहीत आहेत. ‘जोगवा’चा राष्ट्रीय पुरस्कार, ‘सैराट’साठी हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर वाजलेला ऑर्केस्ट्रा, सगळं माहीत. पण हे दोघं सख्खे भाऊ, महसूल खात्यातल्या नोकरदाराची मुलं. वडिलांच्या बदल्यांबरोबर पुणे जिल्ह्यातल्या शिरूर, जुन्नर, घोडेगाव अशा गावांतून वाढलेली. संगीताचं रीतसर शिक्षण दोघांनाही नव्हतं. घरात वाद्यांचा ढीग तर नव्हताच.

त्यांचा ‘विश्वविनायक’ हा गणपतीवरचा अल्बम आला २००१ साली. गायला एस. पी. बालसुब्रह्मण्यम आणि शंकर महादेवन. नव्या पोरांच्या अल्बमला एवढी मोठी नावं! पण याची दुसरी बाजू बघा. त्या काळात मोठी कंपनी पाठीशी असल्याशिवाय, मोठा स्टुडिओ भाड्याने घेतल्याशिवाय तुमचं गाणं गावाबाहेर पोचतच नव्हतं. आधी कित्येक वर्षं पडेल ते काम करून ओळखी कराव्या लागायच्या. म्हणजे अल्बम हा प्रवासाचा शेवटचा टप्पा होता.

त्याच्याही आधी, १९८०च्या दशकात, कॅसेट आली तेव्हा आनंद आणि मिलिंद शिंदे या भावांचा आवाज महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात पोचला. प्रल्हाद शिंदेंची ही मुलं. कॅसेट स्वस्त होती, तिची कॉपी करणं सोपं होतं, एसटी स्टँडवरच्या टपरीवरही ती मिळायची. ज्या भीमगीतांना, लोकगीतांना मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी कोपऱ्यात बसवलं होतं, ती या प्लास्टिकच्या डबीतून घराघरात गेली. यंत्र स्वस्त झालं की कुणाकुणाचा आवाज बाहेर येतो, याचा हा आपल्याच घरातला पुरावा.

आता यंत्र आणखी स्वस्त झालंय. ते तुमच्या खिशात आहे.

पलंगावर बसून गायलेलं गाणं

बिली आयलिश आणि तिचा भाऊ फिनियस. २०१५ मध्ये ‘ओशन आइज’ हे गाणं दोघांनी इंटरनेटवर टाकलं तेव्हा बिलीला चौदा वर्षंही पूर्ण झाली नव्हती. गाणं फिनियसने खरं तर स्वतःच्या बँडसाठी लिहिलं होतं. २०१९ चा त्यांचा पहिला पूर्ण अल्बम लॉस एंजेलिसमधल्या घरी, फिनियसच्या छोट्याशा बेडरूममध्ये झाला. ती पलंगावर बसून गायची, तो शेजारी कॉम्प्युटरवर. २०२० च्या जानेवारीत त्याच अल्बमला ग्रॅमी मिळाला, आणि त्या एका रात्रीत बिलीला एकूण पाच.

थांबा, लगेच स्वतःला बिली समजू नका. त्यांचे आई-वडील अभिनय क्षेत्रातले, शाळा घरीच, शहर लॉस एंजेलिस. आपल्याकडे यातलं एकही नाही. पण एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. त्यांच्या एका गाण्यात डेंटिस्टकडच्या मशीनचा आवाज आहे. तिथेच बिलीने तो फोनवर रेकॉर्ड केला होता. म्हणजे त्यांनी घरातल्या, रोजच्या आवाजांना गाण्यात जागा दिली.

मग आपल्याकडे आवाज कमी आहेत का? जिनिंगची घरघर, सोयाबीन काढणीचं थ्रेशर, बस स्टँडवरचा ‘दारव्हा-दिग्रस-पुसद’चा पुकारा, पत्र्यावरचा पाऊस. फोन काढा आणि गोळा करा.

आधी कूलर बंद करा

विदर्भात घरी रेकॉर्डिंग करायचं तर पहिला शत्रू कूलर. उन्हाळ्यात दुपारी तो बंद केला की गायकाचा जीव जातो, चालू ठेवला की गाण्याचा. त्यामुळे अल्बमचा हंगाम हिवाळा. नोव्हेंबर ते जानेवारी, रात्री दहानंतर. पंखा बंद, कूलर माळ्यावर, गल्लीतली कुत्री झोपेपर्यंत थोडी वाट.

दुसरा शत्रू टाइल्स. नव्या स्लॅबच्या घरात चारही भिंती गुळगुळीत, खाली फरशी. आवाज घुमतो आणि बाथरूममध्ये गायल्यासारखं वाटतं. उपाय आजीकडे आहे. गोधड्या. दोन गोधड्या मागे टांगा, खाली सतरंजी टाका, कपड्यांचं कपाट उघडं ठेवा. कपडे आवाज शोषून घेतात.

पुढचं थोडक्यात. व्हॉइस नोटवर रेकॉर्ड करू नका, त्यात आवाज आवळला जातो. वेव्ह फाइल साठवणारं अॅप घ्या. सगळे एकदम वाजवू नका. आधी एका ठरावीक लयीची टिकटिक कानात लावून गिटार, मग त्यावर ठेका, मग गाणं, एकेक थर. आवाजाची पातळी लाल रेघेला भिडू देऊ नका. फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. पैसे साठले तर पहिला खर्च नव्या गिटारीवर नको, एका बऱ्या माइकवर आणि ऑडिओ इंटरफेसवर करा. जोडकामासाठी ऑडॅसिटी, बँडलॅब फुकट आहेत. गाणं झालं की भारी हेडफोनवर नाही, तर मामाच्या ऑटोतल्या स्पीकरवर वाजवून बघा. तिथे शब्द कळले तर जमलं. आणि प्रत्येक फाइल दोन ठिकाणी ठेवा. हार्डडिस्क गेली म्हणून अल्बम गेला, असं व्हायला नको.

आणि अल्बम म्हणजे बारा गाणी नव्हेत. पाच-सहा गाणी, वीस-पंचवीस मिनिटं, बास. पण पाच पूर्ण गाणी. कारण तीस सेकंदाची रील कुणीही करतो. मुखडा सगळ्यांनाच सुचतो. दुसऱ्या कडव्यात काय सांगायचं हे ठरवताना मात्र कळतं, आपल्याकडे सांगायला काही आहे की नाही.

गाणं कशाचं?

इथे मला जरा भांडायचंय.

आपल्यातले बरेच जण पहिलं गाणं लिहितात ते दिल्लीच्या पावसाचं, पहाडांचं, ‘कॅफे’त भेटलेल्या मुलीचं. तेही हिंदीत, नाहीतर इंग्रजीत. हिंदी-इंग्रजीशी माझं वैर नाही. पण ज्या भाषेत तुम्ही भावाला ‘काहून बे, मायी चप्पल काहून घातली?’ असं विचारता, ती भाषा गाण्यात आली की लाज का वाटते?

नागालँडच्या टेटसेओ सिस्टर्स बघा. चार बहिणी. चोक्री ही त्यांची भाषा, बोलणारे अगदी थोडे. त्यांनी आपल्या ‘ली’ या पारंपरिक गाण्यांचाच बँड केला आणि जगभर गायल्या. भाषा छोटी होती म्हणून कुणी परत पाठवलं नाही.

आपल्या जिल्ह्यात तर वऱ्हाडी आहे, गोरबोली आहे, गोंडी आहे, कोलामी आहे. होळीला तांड्यावर नगारा-थाळीच्या ठेक्यावर लेंगी गातात. दिवाळीच्या सुमारास कोलाम पोडांवर आणि गोंड गुड्यांवर दंडार रंगते. तुमची आजी यातलं काही गात असेल तर तुमच्याइतका श्रीमंत इंडी बँड पुण्यात नाही. फक्त एक पथ्य पाळा. स्वतःच्या घरातलं, स्वतःच्या तांड्यावरचं असेल तर घ्या. दुसऱ्याचं असेल तर विचारून घ्या, त्यांना सोबत गायला बोलवा, आणि नाव द्या.

आणखी एक. बाहेरच्या माणसाला यवतमाळ म्हटलं की एकच बातमी आठवते. शेतकरी आत्महत्या. ती खरी आहे, आपल्या गावांतली आहे, ती लपवायचं कारण नाही. पण आपल्यावर गाणी, डॉक्युमेंटरी, कविता करणारे बहुतेक बाहेरून येतात, आठ दिवस राहतात आणि जातात. त्यांच्या गाण्यात आपण नेहमी रडत असतो. कापूस वेचायला जाताना बायका एकमेकींची जी टिंगल करतात, ती त्यांना ऐकू येत नाही. नवरात्रात यवतमाळ रात्रभर जागं असतं, ते दिसत नाही. पहिल्यांदा कॉलेजला एसटीने येणाऱ्या पोरीची धडधड माहीत नसते. ते तुम्हाला माहीत आहे. दुःखाचं गाणंही तुम्हीच लिहा, पण आतून लिहा.

गाणं ताईचं, नाव दादाचं

घरातल्या बँडची एक गंमत असते, तिला मी गंमत म्हणणार नाही. घरातला सगळ्यात चांगला आवाज बऱ्याचदा बहिणीचा असतो. पण गिटार खरेदी होते भावासाठी. रात्री प्रॅक्टिस चालू असताना मधेच हाक येते, ‘अगं, पोळ्या टाक.’ तिघांपैकी एकटीच उठते. स्टेजवर जायची वेळ आली की ‘इतक्या रात्री पोरगी कशाला?’ मग दादा दुसरी गायिका शोधतो.

घरात रेकॉर्डिंग करण्याने हा प्रश्न अर्धाच सुटतो. ती गाऊ शकते, हे खरं. पण तिचा आवाज घरातच राहील, ही सोयही होऊ शकते. म्हणून पोरांनो, हे तुम्हाला. कव्हरवर तिचं नाव पूर्ण लिहा, ‘व्होकल्स’च्या बारीक अक्षरात नाही. प्रॅक्टिसच्या तासाला पोळ्या आळीपाळीने टाका. आणि नवरात्रातल्या मंडपात गायचं आमंत्रण आलं तर वडिलांशी तिने एकटीने भांडायचं नाही, तिघांनी मिळून बोलायचं.

मंगेशकरांचं घर आठवा. १९४२ मध्ये मास्टर दीनानाथ गेले तेव्हा लता तेरा वर्षांचीही नव्हती. पाच भावंडांतली थोरली. तिच्या गाण्यावर घर उभं राहिलं, आणि पुढे त्याच घरातला धाकटा भाऊ हृदयनाथ चाली बांधायचा, बहिणी गायच्या. महाराष्ट्राने सगळ्यात जास्त ऐकलेलं भावंडांचं घर एका मुलीने उभं केलं होतं. आपल्या घरातल्या मुलीला अंगणाबाहेर गाऊ द्यायचं की नाही, यावर अजून बैठक बसते.

सातबारा आधी

‘भावाभावांत कसलं लिहून घ्यायचं?’ हे वाक्य आपल्या जिल्ह्यात किती घरांना महागात पडलंय, ते तहसील कचेरीत जाऊन विचारा. गाण्याचंही तेच.

गाण्यात मालकी तीन ठिकाणी असते. शब्द लिहिणाऱ्याची शब्दांवर, चाल बांधणाऱ्याची चालीवर, आणि रेकॉर्डिंग करून घेणाऱ्याची त्या रेकॉर्डिंगवर. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला हक्क सहज काढून घेता येऊ नये, म्हणून. पण कायदा तेव्हाच उपयोगी पडतो, जेव्हा कुणी काय केलं हे कुठेतरी लिहिलेलं असतं. एक कागद घ्या. प्रत्येक गाण्यापुढे शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाजवलं कुणी, आणि पैसे आलेच तर वाटा किती, ते लिहा. खाली तिघांच्या सह्या. गाणी अपलोड करायचं खातं कुणाच्या नावाने, पासवर्ड कुणाकडे, तेही लिहा.

भांडणं होणारच. ओअॅसिसचे गॅलाघर बंधू २००९ मध्ये असे फुटले की पुन्हा एका स्टेजवर यायला २०२५ उजाडलं. तुमचं भांडण चार्जरवरून होईल आणि संध्याकाळी मिटेल. कागद तरीही करून ठेवा.

ऐकणार कोण?

हा प्रश्न शेजारच्या काकांचा. त्याचं प्रामाणिक उत्तर, सुरुवातीला फार कुणी नाही.

पैशाचा हिशेब तर करूच नका. स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केलाय, की बारा महिन्यांत एखादं गाणं किमान एक हजार वेळा वाजलं नाही तर त्याचे पैसेच मोजायचे नाहीत. त्यामुळे या अल्बमवर गिटारीचा हप्ता फिटेल अशी आशा धरू नका. कर्ज काढून, बापाच्या खिशाला चाट लावून, फीचे पैसे वळवून हे करायचं नाही. ज्या घरात खत-बियाण्याचा हिशेब जुळत नाही तिथे तर नाहीच. आहे त्या फोनवर करा.

आणि आई-बाबांनाही एक सांगायचंय. १९६०च्या दशकात अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या एका छोट्या गावात तीन बहिणींच्या बापाने ठरवलं, की माझ्या मुली बँड करणार. शाळेतून काढलं, रोज सराव, मग स्टुडिओ. ‘द शॅग्ज’ हे त्यांचं नाव. अल्बम इतका बेसूर की तेव्हा लोक हसले. पुढे मात्र त्याच बेसूरपणातल्या निरागसपणाला जगभर चाहते मिळाले. पण १९७५ मध्ये बाप गेला आणि मुलींनी बँड लगेच बंद केला. कारण हौस त्याची होती. मुलांना रिअॅलिटी शोच्या रांगेत उभं करणाऱ्या पालकांनी ही गोष्ट एकदा आठवावी. मदत करायचीच असेल तर तासभर टीव्हीचा आवाज बंद ठेवा. पोरांना तेवढं पुरतं.

ऐकणारे मिळतील, पण ते जवळून सुरू होतील. कॉलेजचं गॅदरिंग आहे. अमरावती विद्यापीठाचा युवा महोत्सव आहे. आकाशवाणीचं यवतमाळ केंद्र आहे. गल्लीतलं मंडळ आहे. आणि पुण्याच्या हॉस्टेलवर बसलेली, घरची आठवण येणारी आपल्याच जिल्ह्यातली शेकडो पोरं आहेत. त्यांना वऱ्हाडीतलं एक गाणं पाठवून तर बघा.

आता कॅलेंडर काढा. सेमिस्टरची परीक्षा कधी संपते ते बघा, आणि पुढच्या दोन महिन्यांतले रविवार मोकळे ठेवा. पाच गाण्यांची यादी भिंतीवर चिकटवा. पूर्ण झालं की त्यावर काट मारा. पाचही झाली की अंगणात सतरंज्या टाका, शेजारच्या काकांना पहिल्या रांगेत बसवा आणि स्पीकर लावा. ताईच्या स्थळाचा फोन आणि दादाचं जॉइनिंग लेटर यायच्या आधी.